शोकाला सांडवा हवा

वारीच्या वाटेवर मुक्काम पडला, आरती झाली, मंडळी जेवून आडवी झाली, की राहुटीच्या दाराशी एखादे माणूस येऊन बसते. पाया पडते, पण उठत नाही. मग हळूच म्हणते, "महाराज, एक विचारायचं होतं." खरे म्हणजे त्याला विचारायचे काही नसते; सांगायचे असते. कुणाचे कर्तेसवरते पोर गेलेले असते, कुणाच्या धन्याने कर्जापायी जिवाचे बरेवाईट करून घेतलेले असते, कुणाला सख्ख्या भावांनी घराबाहेर काढलेले असते. आम्ही कीर्तनकार मंडळी अशा वेळी घाईघाईने एखादे प्रमाण सांगतो, 'देह नाशवंत आहे, नाम घ्या' म्हणतो, आणि ते माणूस मान डोलावून उठून जाते. त्याचे सांगायचे राहूनच जाते. मीही पुष्कळ वर्षे हेच केले.

आज त्या राहून गेलेल्या सांगण्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत. जे दुःख कुणापाशी बोलवत नाही ते वहीत लिहावे काय, लिहिल्याने मन खरोखर हलके होते काय, आणि आपल्या संतांची त्याला साक्ष आहे काय, असा हा तिपदरी प्रश्न आहे.

शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा. पूर्वपक्ष म्हणतो, वारकऱ्याने दुःख उगाळीत बसू नये. प्रारब्धाने आले ते भोगून संपवावे. कागदावर 'मला असे झाले, माझे तसे झाले' लिहिणे म्हणजे 'मी' आणि 'माझे' या दोन तणांनाच खत घालणे होय. शिवाय खपली धरलेली जखम पुन्हा पुन्हा उकलली तर ती भरणार कशी? वाचकहो, हा पूर्वपक्ष हलका समजू नका. त्यात तथ्य आहे आणि ते पुढे आपल्याला मान्यही करावे लागणार आहे. परंतु तो अपुरा आहे, तो कसा ते पाहू.

गुरुगृही आम्ही भवभूतीचे उत्तररामचरित शिकलो. त्याच्या तिसऱ्या अंकात रामचंद्र पंचवटीच्या परिसरात पुन्हा येतात. जिथे सीतेसह दिवस काढले ती झाडे, ते दगड, तो नदीकाठ पाहून त्यांचा धीर सुटतो. राजा आहेत, बारा वर्षे राज्य करताना लोकांसमोर डोळ्यांत पाणी आणता आले नाही, ते सारे इथे उसळते. तिथे भवभूती एक दृष्टान्त देतो. तळे पुराने तुडुंब भरले, तर जादा पाणी वाट काढून बाहेर सोडणे हाच त्यावरचा उपाय. तसेच शोकाने हृदय भरून आले म्हणजे बोलून टाकण्यानेच ते तग धरते.

त्या वयात हा श्लोक मी नुसता पाठ केला होता. अर्थ मात्र मला माहीत होता, कारण १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर आमच्या शिवारात पाझर तलाव बांधला तो मी पोर असताना पाहिला होता. तलावाच्या एका बाजूला भराव जरा खाली ठेवून दगडी सांडवा काढला होता. मी वडिलांना विचारले, "एवढ्या मुश्किलीनं पाणी अडवायचं, अन् परत वाट कशाला ठेवायची?" वडील म्हणाले, "वाट ठेवली नाही तर पाणी आपली वाट आपण करतं. मग बांध राहत नाही अन् खालचं रानही राहत नाही." सांडव्याने तलाव रिकामा होत नाही हेही ध्यानात घ्या. जेवढे सोसवत नाही तेवढेच पाणी वाहून जाते, बाकीचे तलावातच राहते आणि जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागते.

आता संतांकडे वळू. शके १२१८, म्हणजे सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानोबा माउलींनी आळंदीस समाधी घेतली. नामदेवरायांच्या गाथेत समाधीचे अभंग म्हणून स्वतंत्र प्रकरणच आहे. निवृत्तीनाथांसारख्या योग्याचा, खुद्द माउलींच्या गुरूचा, शोक तिथे लपवलेला नाही. आणि दृष्टान्त कोणता दिला आहे? फुटलेल्या तळ्याचाच! संस्कृत नाटककाराला जे तळे दिसले तेच पंढरीच्या शिंप्याला दिसले. नामदेवरायांनी तो शोक 'ज्ञानी माणसाला शोभत नाही' म्हणून झाकला असता, तर आज सातशे वर्षांनंतरही आळंदीला समाधीच्या कीर्तनात हजारो माणसे आपापल्या घरचे दुःख मोकळे करतात, ती वाट त्यांना कुठून मिळाली असती?

तुकोबारायांचे पाहा. १६३० ते १६३२ च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांची थोरली बायको त्यात अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला, गावात पत राहिली नाही. हे आपल्याला बखरीवरून कळलेले नाही; महाराजांनी स्वतः आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत ते सांगितले आहे. सांगताना संकोच वाटतो हेही सांगितले आहे, आणि संतांनी विचारले म्हणून सांगतो असेही म्हटले आहे. नुसते 'दुष्काळ पडला' एवढ्यावर ते थांबत नाहीत. लाज वाटली, जीव त्रासला, धंद्याचा कंटाळा आला, म्हणजे घटना आणि त्या घटनेने मनाचे काय झाले, दोन्ही सांगतात. आणि मग त्यातून विठ्ठलाकडे कसे वळलो ते सांगतात.

तिसरी साक्ष बहिणाबाईंची. तुकोबारायांची ही शिष्या, शिऊरची. तिच्या गाथेत आत्मनिवेदनाचे अभंग आहेत. लहानपणी झालेले लग्न, नवऱ्याचा संताप, त्याने केलेली मारहाण, जीव लावलेल्या वासराचा मृत्यू, हे सारे त्या माउलीने लिहून ठेवले. सतराव्या शतकात, घरंदाज ब्राह्मण घरातल्या बाईने, 'मला मारले' हे शब्दांत मांडणे केवढे धाडस असेल! नवविधा भक्तीतली नववी पायरीही आत्मनिवेदनच. तिचा अर्थ स्वतःला देवाच्या पायी वाहून टाकणे. पण निवेदन म्हणजे सांगणे हाही अर्थ त्या शब्दात आहेच. जे सांगितलेच नाही ते वाहणार तरी कसे? घरातली एक खोली कुलूप लावून ठेवायची आणि देवाला म्हणायचे, 'सगळे घर तुझे', अशातला तो प्रकार होईल.

इथवर ग्रंथांचे झाले. आता स्वतःचे सांगतो. सांगायला जड जाते, पण दुसऱ्याला लिहा म्हणायचे आणि आपण गप्प बसायचे, हे बरे नव्हे.

माझा थोरला मुलगा माझ्या कीर्तनात पखवाज वाजवीत असे. हात फार गोड होता. २०१९ साली त्याने पखवाज खुंटीला लावला आणि मालवाहू टेम्पो घेतला. मला तो घाव वाटला. घरात सर्वांदेखत नव्हे, पण गोठ्यापाशी गाठून मी त्याला एक वाक्य बोललो. म्हणालो, "चार पैशांसाठी तू देवाचं वाद्य विकलंस, आता माझ्या कीर्तनात उभा राहू नकोस." तो काही बोलला नाही. नंतर बोलणेचालणे होते, सणावाराला येणे होते, पण त्यानंतर तो माझ्या कीर्तनात उभा राहिला नाही. मग करोना आला. २०२० साली पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एस.टी.तून पंढरीला गेल्या. कीर्तने बंद. २०२१ च्या एप्रिलात मुलगा आजारी पडला, नऊ दिवस दवाखान्यात होता, आणि तिथेच गेला. तोंड पाहायला मिळाले नाही. खांदा देता आला नाही. माणूस मेल्यावर चार माणसे जमतात, गळ्यात गळा घालतात, त्यातले काहीही झाले नाही.

त्या वर्षी कार्तिकात कीर्तने पुन्हा सुरू झाली. एका गावी समाधीच्या अभंगावर निरूपण होते. तीस वर्षे मी तो प्रसंग सांगत आलो; कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, सारे अंगवळणी पडलेले. निवृत्तीनाथांच्या शोकापाशी आलो आणि आवाजच निघेना. रडूही येईना. टाळकऱ्यांनी नामाचा गजर धरला म्हणून वेळ निभावली.

आमच्या दिंडीचे विणेकरी, साधे शेतकरी, पंचाहत्तरी ओलांडलेले. दुसऱ्या दिवशी ते घरी आले. पोरांची चाळीस पानी वही माझ्यापुढे ठेवली नि म्हणाले, "बुवा, तुम्ही सगळ्या मुलखाला रडवता. तुमचं तुम्ही कुठं ठेवलंय? इठोबाला कागद लिहा. टपालात टाकायचा नाही, मग भ्यायचं कुणाला?"

पहिल्या रात्री मी लिहिले ते पंचनाम्यासारखे. अमुक तारखेला ताप, अमुक तारखेला दाखल, अमुक तारखेला फोन. एक पान झाले. काही वाटले नाही. दुसऱ्या नि तिसऱ्या रात्री देवाला बोल लावले. कीर्तनकाराच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द लिहिले. झोप आणखीच उडाली. चौथ्या रात्री पेन आपोआप गोठ्यापाशी गेले. ते वाक्य लिहायला मला तास लागला. ते मी कुणालाही सांगितले नव्हते, त्याच्या आईलासुद्धा नाही. दवाखान्याचे दुःख सगळ्यांना दिसत होते. माझा बांध फुटायला आला होता तो या एका वाक्याने.

ते लिहून झाल्यावर पुढच्या रात्री आपसूक प्रश्न उभा राहिला, मी असे का बोललो? लिहिता लिहिता कळले की तो राग नव्हता, भीती होती. माझ्या शिक्षणासाठी वडिलांनी रानाचा एक तुकडा विकला होता. ती विद्या माझ्यापाशीच संपणार, ही भीती. मग पुढचा प्रश्न, त्याने टेम्पो का घेतला? दोन लेकरे, त्यांच्या शाळा. नारळ आणि उपरण्यावर चूल पेटत नाही, हे माझ्यापेक्षा त्याला आधी कळले होते. आणि मग शेवटचे फोन जसे झाले तसे क्रमाने लिहीत असता एक वाक्य हाती लागले. दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता, "अप्पा, कीर्तनं चालू झाली की सांगा, गाडी घेऊन न्यायला येतो." सहा महिने ते वाक्य माझ्या डोक्यात होते, पण 'आजारी माणूस काहीतरी बोलला' एवढ्यावर मी ते सोडले होते. कागदावर उतरल्यावर दिसले की पोराने मला केव्हाच क्षमा केली होती.

अकराव्या दिवशी मी घरात सारे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणायचा, अप्पांचा राग पखवाजासारखा, आवाज मोठा अन् आत पोकळ." आणि आम्ही दोघे त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर रडलो. दुःख गेले असे मी म्हणणार नाही. चैत्र आला की आजही घास उतरत नाही. पण समाधीचे कीर्तन मी करतो आणि आवाज अडत नाही.

पुढे मानसशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक दिंडीत भेटले. त्यांना हे सांगितले तर ते म्हणाले, "बुवा, याचे प्रयोग झालेत." अमेरिकेत डॅलस येथे जेम्स पेनबेकर नावाच्या संशोधकाने आपल्या सहकारी बाईंसह महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायचे. काहींनी किरकोळ विषयावर, काहींनी आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगावर. या दुसऱ्यांतही काहींनी नुसती घटना लिहायची, काहींनी नुसती भावना, काहींनी दोन्ही. लिहिल्या लिहिल्या दुखरे लिहिणारे अधिकच खिन्न झाले. पण पुढच्या सहा महिन्यांत, ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिले होते त्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. नुसती घटना लिहिणाऱ्यांना विशेष लाभ दिसला नाही. माझे पंचनाम्याचे पान मला आठवले! पुढच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांच्या लिखाणात दिवसेंदिवस 'कारण', 'आता उमगले', अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना गुण अधिक आला. म्हणजे नुसते ओतून टाकण्याने नव्हे, तर सांगता सांगता समजत जाण्याने मन सावरते.

मात्र अतिशयोक्ती नको. २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्र विचार झाला. त्यातही लाभ दिसला, पण सरासरीने तो लहानच. कुणाला पुष्कळ, कुणाला थोडा, कुणाला काहीच नाही. तेव्हा ही संजीवनी नव्हे. बिनखर्चाचा एक चांगला उपाय आहे, एवढेच म्हणावे.

आता विधी सांगतो. वारकऱ्याला झेपेल असाच आहे.

लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे बसावे. निजायच्या आधी लिहू नये, मी ती चूक केली. काकड्यानंतर किंवा दुपारच्या निवांत वेळी बसावे. समोर पांडुरंगाची तसबीर ठेवावी आणि त्यालाच पत्र लिहावे. शुद्धलेखन पाहू नये, खोडू नये, सुंदर लिहायला जाऊ नये. आपल्याला अभंग करायचा नाही. काय घडले ते लिहावे, त्या वेळी मनाला काय झाले ते लिहावे, आणि का घडले असेल तेही दोन्ही बाजूंनी लिहून पाहावे. जे वाक्य लिहिताना हात थांबेल तेच आपले खरे दुखणे समजावे. तरीही सोसवेनासे झाले तर तिथेच वही मिटावी आणि दुसरा विषय घ्यावा. देवापुढे जबरदस्ती नाही.

घरात नुकतेच कुणी गेले असेल तर वहीची घाई करू नये. त्या दिवसांत माणसांत बसावे, रडावे, कुणी भरवले तर दोन घास खावेत. आणि तेच ते महिनोन्‌महिने लिहीत राहूनही काही उमगत नसेल, उलट मन अधिक गढूळ होत असेल, तर थांबावे. ते निवेदन नव्हे, उगाळणे झाले. इथे पूर्वपक्षाचे म्हणणे आपल्याला मान्य आहे.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी काय करावे? आपल्या आयाआज्या काय करीत होत्या? पहाटे जात्यावर बसत आणि सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले लेकरू, सारे ओवीत घालून दळत. जनाबाईंना विठ्ठल दळू लागे तो त्याच जात्यापाशी. आज जाते नाही, पण घरात शिकलेली नात आहे. आजीने सांगावे, नातीने लिहावे, आणि लिहिलेले बाहेर बोलू नये.

लिहिलेल्या वहीचे काय करायचे, हे पुष्कळ जण विचारतात. तुकोबारायांच्या चरित्रात इंद्रायणीत दोनदा कागद गेले अशी परंपरा आहे. एकदा महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते स्वतः बुडवली; ती वर आली नाहीत, यावीत अशी इच्छाही नव्हती. दुसऱ्यांदा अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या. महाराज तेरा दिवस काठावर बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या. तुमच्या वहीतही हे दोन्ही प्रकार असतील. अमक्याने माझे इतके देणे ठेवले, तमक्याने असा अपमान केला, ही कर्जखते. ती फाडून टाकावीत. जे पान वाचून पुढे आपल्याच माणसाला धीर येईल ते जपून ठेवावे. मात्र कागद नदीत सोडू नका. इंद्रायणी आधीच कारखान्यांच्या नि गटारांच्या फेसाने गुदमरली आहे. आपली चूल जवळ आहे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. झोप उडाली, अन्न तुटले, जीव नकोसा वाटू लागला, तर वहीवर विसंबू नका, आणि नुसत्या नामावर सोडून स्वस्थही बसू नका. डॉक्टर गाठा. सरकारची टेलीमानस ही सेवा आहे, तिचा दूरध्वनी क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. ज्या देवाने नाम दिले त्यानेच वैद्य दिला आहे. आणि शेजारी कुणी असा झुरत असेल तर त्याच्यापाशी बसा. उपदेश करू नका, ऐका.

तेव्हा माउली, यंदा वारीला निघताना पडशीत टाळाशेजारी एक चाळीस पानी वही टाका. आणि मुक्कामावर रात्री राहुटीच्या दाराशी कुणी येऊन बसले, तर आम्हा कीर्तनकारांना माझी हात जोडून विनंती आहे, प्रमाण दोन घटका मागे ठेवा. आधी विचारा, "काय झालं, सांगा." विटेवर उभा आहे तो कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे दुसरे काय करतो आहे? भक्तांचे ऐकतोच आहे.

रामकृष्णहरि.